कुत्र्याचं काय? न्यू जर्सीतला एक उन्हाळा

इथला उन्हाळा पंचांगावर चालत नाही, दोन सोमवारांवर चालतो. मे महिन्याचा शेवटचा सोमवार म्हणजे मेमोरियल डे, सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे लेबर डे. २०२६ मध्ये ते २५ मे आणि ७ सप्टेंबरला येतात. मधले पंधरा आठवडे, त्यातही शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालूच असतात. उरलेल्या दिवसांत समुद्र, ब्लूबेरीची शेतं, ग्रिलवरच्या पार्ट्या, मुलांचे वाढदिवस आणि भारतातून आलेल्या आईबाबांना दाखवायची ठिकाणं, सगळं बसवायचं. घरात कुत्रा असेल तर कुठलाही बेत ठरण्याआधी एक प्रश्न पुढे येतो: कुत्र्याचं काय?

आपल्याकडे हा प्रश्न फारसा पडत नाही. घरात आजी असते, समोरच्या काकू असतात, अगदीच कोणी नसलं तर वॉचमनला सांगून जाता येतं. इथे घर बंद झालं की बंद. मग लोक म्हणतात, गाडीतच ठेवू की, दुकानातून दहा मिनिटांत बाहेर येतो. हे कधीही करू नका. बाहेर २७ अंश सेल्सिअस असताना, म्हणजे पुण्यात सुखाची दुपार म्हणावी अशा हवेत, बंद गाडी दहा मिनिटांत ३७ अंशांवर आणि अर्ध्या तासात ४६ अंशांवर जाते. काच दोन बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही.

ऊन लागलंच तर आधी थंड करायचं, मग गाडीत घालायचं. कातडीपर्यंत पोचेल असं पाणी केसांत मुरवत ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, थोड्या वेळाने तोच उष्णता धरून ठेवतो. फिरायला नेताना तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघायची. चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणार.

बाहेरगावी जायचं तर बोर्डिंग, म्हणजे पैसे घेऊन कुत्रा सांभाळणारी जागा. इथे बहुतेकांचं गणित तारखांवर फसतं. बोर्डिंगवाले रेबीज आणि डिस्टेंपर-पार्व्होच्या लशींचे कागद मागतातच, वर बोर्डेटेला, म्हणजे केनेल कफची लस मागतात, आणि काही ठिकाणी कुत्र्यांच्या फ्लूचीही. फ्लूचे दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात. म्हणजे चार जुलैच्या सुट्टीसाठी २५ जूनला जाग आली तर जागा मिळूनही लस पुरी होत नाही. मे महिन्यातच डॉक्टरांची वेळ घ्या आणि लशीच्या कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवा.

समुद्राचं थोडक्यात. जर्सीच्या बहुतेक किनाऱ्यांवर उन्हाळ्यात उतरायला पैसे भरून बिल्ला घ्यावा लागतो, त्याला बीच टॅग म्हणतात. १२ वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही. अटलांटिक सिटीचा किनारा फुकट आहे. या दोन सोमवारांच्या मधे दिवसा कुत्र्यांना बहुतेक ठिकाणी बंदी असते. वाइल्डवूडला त्यांच्यासाठी राखलेला किनारा आहे आणि तिथे आग विझवायच्या नळाची, ज्यावर इथली कुत्री तंगडी वर करतात त्याची, अवाढव्य प्रतिकृती उभी केली आहे, विनोद कुत्र्यांना कळतो की नाही कोण जाणे. गोडं पाणी घरून न्या, कारण तहानलेला कुत्रा खारं पाणी पितो आणि परतीच्या वाटेवर गाडीत त्याला उलटी-जुलाब होतात.

तळ्यांबाबत जास्त जपायला हवं. उकाड्यात पाण्यावर निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर येतो, रंग सांडल्यासारखा. यातले काही प्रकार विषारी असतात आणि नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाहीत. २०१९ मध्ये राज्यातल्या सगळ्यात मोठ्या तळ्यावर, लेक होपॅटकाँगवर, याच कारणाने उन्हाळ्यात पाण्यात उतरू नका असा इशारा द्यावा लागला होता. माणूस दोन दिवस पोट धरून बसेल, पण कुत्रा ते पाणी पितो, मग अंग चाटून उरलेलंही पोटात घेतो आणि काही तासांत दगावू शकतो. काठावर सूचनेची पाटी असेल तर वाचा. पाटी नसली तरी हिरव्या पाण्यात सोडू नका.

ब्लूबेरी जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. हे फळ मूळचं इथलंच, पण लागवडीखाली आणलं ते शेतकरी घरातल्या एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतितज्ज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी याच राज्यातल्या व्हाइट्सबॉगला, आणि १९१६ मध्ये त्याचं पहिलं पीक बाजारात गेलं. शेतात स्वतः तोडायला जाताना कुत्रा घरी ठेवायचा, बहुतेक शेतांवर त्याला मनाई असते. घरी आणल्यावर फळं धुवून ठेवू नका, बुरशी धरते. खायच्या वेळी धुवा. चार दाणे कुत्र्याला घाला, खुशाल. द्राक्ष आणि बेदाणे मात्र अजिबात नाहीत. त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ले तर चालतील असा सुरक्षित आकडा नाही.

आता ग्रिल. कोळशाचं असेल तर लायटर फ्लुइड ओतून पेटवू नका, पनीरला रॉकेलचा वास येतो. चिमणी स्टार्टर नावाचा पत्र्याचा नळकांडा मिळतो. खाली वर्तमानपत्राचे दोन कागद चुरगाळून ठेवा, वर कोळसा भरा, कागद पेटवा. १५ ते २० मिनिटांत वरच्या कोळशावर राखाडी थर धरला की ग्रिलच्या एकाच बाजूला ओता, दुसरी बाजू रिकामी ठेवा. करपायला लागलेलं तिकडे सरकवता येतं. पनीरचे तुकडे दीड इंचाचे, दही रात्रभर टांगलेलं. पातळ दही निखाऱ्यावर ठिबकतं, मसाला जाळीवर राहतो आणि पनीर पांढरंच निघतं. कणसं सोलून थेट जाळीवर दहा-बारा मिनिटं फिरवत भाजा, मग लिंबू, मीठ, तिखट. चिकन आतपर्यंत ७४ अंश झालं पाहिजे, थर्मामीटर खुपसून बघा, रंगावर जाऊ नका. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पारा ३२ अंशांवर असेल तर एकच तास. दहीभात आणि रायतं बर्फाच्या ट्रेवर ठेवलं तर बरं.

पार्टीत कुत्र्याला धोका होतो तो पाहुण्यांच्या प्रेमापोटी. एक काका गुपचूप कणीस टाकतात. दाणे खाऊन उरलेलं बुरकुंड कुत्रा चावत नाही, तुकडा तसाच गिळतो. तो लहान आतड्यात अडकतो, एक्स-रेमध्ये नीट दिसत नाही आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियेपर्यंत जातं. पनीर ओवायच्या लाकडी काड्यांचं तेच, वासाला भुलून काडीसकट गिळतात. लोखंडी सळ्या वापरा. कांदा कच्चा असो वा शिजलेला, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पुरतो, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक मध्यम कांदाही जड जाऊ शकतो. आपला सगळा स्वयंपाक कांद्यावर उभा, तेव्हा पाहुण्यांना दारातच सांगा: त्याला काहीही घालू नका. काही घालायचंच असेल त्यांच्यासाठी साध्या उकडलेल्या गाजराची वाटी बाजूला ठेवा. शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल त्याहून वाईट, त्याने रक्तातली साखर तासाभरात कोसळू शकते. पर्स जमिनीवर ठेवू नका. काही खाल्ल्याचा संशय आला तर प्राण्यांच्या विषबाधेसाठी एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेची चोवीस तासांची लाइन आहे, ८८८-४२६-४४३५. फोनवरच्या सल्ल्याचे पैसे पडू शकतात. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय करू नका.

चार जुलै. यंदा स्वातंत्र्याचं २५० वं वर्ष आणि दिवस शनिवार, म्हणजे दणका जास्तच. सूर्य साडेआठला मावळतो, गावाची आतषबाजी सव्वानऊच्या सुमारास सुरू होते. आवाज मात्र त्याच रात्रीपुरते नसतात. २०१७ पासून न्यू जर्सीत १६ वर्षांवरच्यांना हातातल्या आणि जमिनीवर ठेवायच्या फुलबाज्या चालतात. बाण आणि फटाके बेकायदा. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात बाण विकत मिळतात आणि पूल ओलांडून येतात, त्यामुळे आठवडाभर अवेळी धडाडधूम चालू राहतं. दिवाळी काढलेल्यांना हे किरकोळ वाटेल, पण इथला कुत्रा वर्षभर शांततेत वाढलेला असतो.

तयारी जूनच्या मध्यापासून. कुत्रा फार घाबरत असेल तर डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन देतात. सिलिओ नावाची जेल खास आवाजाच्या भीतीसाठी २०१६ मध्ये मंजूर झाली, ती गाल आणि हिरडीच्या मधे लावायची, गिळू द्यायची नाही. एसप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध एकटं नको, अंग लुळं पडतं आणि भीती तशीच आत राहते. कुठल्याही औषधाचा एक डोस आधी साध्या दिवशी देऊन बघा, कोणाला किती चढतं ते वेगवेगळं असतं. औषध आवाज सुरू होण्याआधी द्यावं लागतं, थरथर सुरू झाल्यावर दिलेलं फारसं कामाला येत नाही.

त्या दिवशी सकाळी भरपूर चालवा, सात वाजेपर्यंत संध्याकाळची फेरी उरका. मग खिडकी नसलेली आतली खोली किंवा बेसमेंट, मोठ्याने पंखा, टीव्ही. मागच्या अंगणात लीशशिवाय, म्हणजे गळपट्ट्याच्या दोरीशिवाय, सोडू नका, घाबरलेला कुत्रा एरवी न झेपणारं कुंपण ओलांडतो. कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप असून भागत नाही. चिपमध्ये फक्त एक नंबर असतो, बहुधा १५ आकडी, आणि तुमचा फोन नंबर असतो कंपनीच्या नोंदीत. घर बदललं, फोन बदलला आणि नोंद तशीच राहिली की सापडलेला कुत्रासुद्धा घरी पोचत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, आज करा. पाच तारखेला सकाळी अंगणात जळकी नळकांडी पडली आहेत का ते त्याच्या आधी तुम्ही बघा.

आईबाबांना नॅशनल पार्क दाखवायचं आणि कुत्राही न्यायचा, तर पार्क त्याच्या सोयीने निवडावं लागतं. यलोस्टोनमध्ये त्याला पायवाटांवर आणि फळ्यांच्या वाटांवर बंदी, रस्त्यापासून १०० फुटांपलीकडे नेता येत नाही. ग्रँड कॅन्यनला दक्षिण काठावरच्या वाटेवर चालतो, दरीत उतरत नाही. पूर्वेकडची दोन पार्कं मात्र उदार आहेत. व्हर्जिनियातल्या शेनँडोआत थोड्या वाटा सोडल्या तर सगळीकडे चालतो, मेनमधल्या अकेडियात सुमारे १०० मैल पायवाटा आणि ४५ मैल जुने घोडागाडीचे रस्ते खुले आहेत. लीश सगळीकडे सहा फुटांपर्यंतच. लांब सुटणारी दोरी घरी ठेवा. २०२६ पासून अकेडियासह ११ पार्कांत वार्षिक पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांना, १६ वर्षांवरच्या प्रत्येकाला, १०० डॉलर जादा पडतात. शेनँडोआ त्या यादीत नाही. आईबाबा व्हिजिटर व्हिसावर असतील तर हा हिशोब आधी करा.

जंगलातून आल्यावर गोचीड बघायची: कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात, गळपट्ट्याखाली. काळ्या पायांची गोचीड लाइम रोग पसरवते, पण त्यासाठी तिला साधारण दिवसभर तरी चिकटून राहावं लागतं, म्हणून त्याच संध्याकाळी शोधणं महत्त्वाचं. टोकदार चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ वर ओढा. व्हॅसलीन, काडी, तूप काही नको. घरात मांजरही असेल तर कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या औषधात परमेथ्रिन आहे का ते वाचा. मांजराला ते जीवघेणं आहे, औषध ओलं असताना कुत्र्याला चाटलं तरीसुद्धा.

आणि स्कंक. मांजराएवढा, काळा-पांढरा, संध्याकाळनंतर अंगणात फिरणारा. कुत्रा त्याच्या मागे धावतो, शेपटी वर होते, आणि पुढचा आठवडा घरात जळक्या लसणीचा आणि रबराचा वास. टोमॅटोचा रस उपयोगाचा नाही, आपलं नाक थकतं एवढंच. १९९३ मध्ये पॉल क्रेबॉम या रसायनतज्ज्ञाचा नुस्खा प्रसिद्ध झाला, तोच अजून चालतो: तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण एक लिटर, पाव कप खायचा सोडा, दोन चमचे भांडी घासायचा साबण. उघड्या बादलीत कालवा, फसफसतानाच वापरा. उरलेलं बाटलीत भरून ठेवू नका, वायू साठून बाटली फुटते. कुत्रा आधी ओला करायचा नाही. हातमोजे घालून, डोळे वाचवून चोळा, पाच मिनिटं ठेवा, मग धुवा. काळे केस थोडे तांबूस होतील. स्कंक चावला असेल तर मात्र अंघोळ राहू द्या आणि डॉक्टर गाठा, स्कंक रेबीज पसरवतो.

यंदा गणपती १४ सप्टेंबरला, लेबर डेनंतर आठवड्याने. नैवेद्याच्या पानात कांदा-लसूण नसतो, तेवढी कुत्र्याची सोय. पण शिऱ्यात बेदाणे असतात, मोदकात जायफळ आणि वर तुपाची धार, जिने स्वादुपिंड सुजू शकतं. कापूर पोटात गेला तर विष आहे, डबी वरच्या फळीवर. मांजर असेल तर सजावटीत लिलीचं फूल नको, फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी त्याची मूत्रपिंडं जातात. आरती स्मोक अलार्मच्या खाली करू नका. लाकडी घरांत प्रत्येक खोलीबाहेर एक असतो आणि कापराने तो हटकून वाजतो. 'सुखकर्ता' अर्ध्यावर राहतं आणि चार जुलैला टिकलेला कुत्रा इथे पलंगाखाली जातो. खिडकी उघडा, पंखा बाहेर फेकणारा लावा, देव्हारा दूरच्या भिंतीला मांडा.

विसर्जन घरच्या बादलीत करणार असाल तर शाडूची मूर्ती विरघळायला काही तास ते एखादा दिवस लागतो. तेवढा वेळ बादलीवर ताट उपडं घाला आणि ताटावर वरवंटा ठेवा. रंगाचं ते पाणी कुत्र्याला तीर्थच वाटतं.