तुम्ही विचारलंत म्हणून: वॉल्ट्झच्या स्पर्धेत परीक्षक बघतात तरी काय?

मी वॉल्ट्झ शिकते आणि बॉलरूम नृत्याच्या, म्हणजे जोडीनं नाचायच्या पाश्चात्य नाचांच्या, स्पर्धांमध्ये नाचते हे कळलं की समोरून बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो. सगळ्या जोड्या एकाच संगीतावर, एकाच दिशेनं, साधारण त्याच त्या स्टेप्स करत फ्लोअरभर फिरत असतात. मग त्यातली एक पहिली आणि एक सहावी, हे परीक्षक ठरवतात कशावरून? विचारणाऱ्याला खरंच जाणून घ्यायचं असतं, म्हणून दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय मिटवणं मला आवडत नाही. आज सविस्तर सांगते.

माझं उत्तर असं आहे: तिसऱ्या मात्रेचा शेवट बघा. जोडी किती तयारीची आहे ते तिथे कळतं.

वॉल्ट्झ तीन मात्रांचा नाच. दादरा ज्यांच्या कानात आहे त्यांना तीन-तीनची ही चाल परकी वाटणार नाही. स्पर्धेत वाजणाऱ्या वॉल्ट्झची लय मिनिटाला 28 ते 30 आवर्तनं असते (एक आवर्तन तीन मात्रांचं), म्हणजे एक मात्रा पाऊण सेकंदाहून थोडी कमी. पहिल्या मात्रेवर लांब पाऊल पडतं. पुढे जाणाऱ्याची टाच आधी टेकते. दुसऱ्या मात्रेवर पाऊल बाजूला जातं आणि शरीर वर चढू लागतं. तिसऱ्या मात्रेवर दुसरा पाय येऊन पहिल्याला मिळतो, दोघंही चवड्यांवर उंच असतात, आणि वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं. एवढं कोणालाही एका संध्याकाळी दाखवता येतं. पण पुढच्या ‘एक’साठी पाऊल पुन्हा लांब टाकायचं, तर त्याआधी खाली यावं लागतं. या उतरण्याला स्वतंत्र मात्रा नाही. ते तिसऱ्या मात्रेच्या उरलेल्या शेपटीत बसवायचं असतं.

इथेच जोड्या वेगळ्या होतात. नवखी जोडी तिसऱ्या मात्रेवर वर पोचते आणि मग खाली पडते. टाच धपकन टेकते, गुडघे उशिरा वाकतात, आणि पहिलं पाऊल अंग खाली येण्याच्या आत निघालेलं असतं. मुरलेली जोडी ज्या पायावर उभी असते त्याच पायाच्या जोरावर उतरते: आधी चवडा, मग टाच, मग घोटा, मग गुडघा, जणू आतून कोणीतरी दोरी सावकाश सैल सोडतंय. मोकळा पाय तोवर उभ्या पायाशेजारून सरकायला लागलेला असतो. शरीर सगळ्यात खाली येतं त्या क्षणी उभा पाय जमिनीला मागे ढकलतो, आणि त्या ढकलण्यातून पहिलं पाऊल जन्माला येतं. लांब पाऊल टाकायला लांब पाय लागतात असं बघणाऱ्याला वाटतं. खरं तर मागे राहिलेला पाय किती वेळ काम करतो यावर पावलाची लांबी ठरते. दीड मिनिटाच्या वॉल्ट्झमध्ये असं चढणं-उतरणं चाळिसेक वेळा होतं, आणि दर वेळी ते दोघांनी एकत्र करायचं असतं. एकाला उतरायची घाई झाली की दुसऱ्याचा तोल जातो, आणि ते लांबून बघणाऱ्यालाही जाणवतं, नेमकं काय चुकलं हे सांगता आलं नाही तरी.

मागे जाणाऱ्याची गोष्ट आणखी नाजूक आहे, आणि ती मला जवळची आहे, कारण जोडीतलं मागे जाणं बरंचसं माझ्या वाट्याला येतं. पुढे जाणारा पहिल्या पावलाच्या शेवटी टाच उचलून चढायला लागतो. मागे जाणारीने मात्र टाच उचलायची नसते. शरीर वर ताणलं जातं, पाय सरळ होतात, पण टाकलेल्या पायाची टाच त्यानंतरच्या पायावर पूर्ण वजन जाईपर्यंत जमिनीलाच चिकटून राहते. तंत्राच्या पुस्तकांत याला ‘नो फूट राइज’ म्हणतात. ही टाच लवकर उचलली तर जोडीदाराला वाट मिळत नाही, त्याला माझ्या अंगाभोवतून जावं लागतं. परीक्षकाच्या जागी मी असते तर सगळ्यात आधी मागे जाणाऱ्यांच्या टाचांकडे बघितलं असतं.

याच्याच पोटात लोकांचा दुसरा प्रश्न येतो: म्हणजे पुरुष नेतो आणि बाई मागे मागे जाते, एवढंच ना? नाही. सर्वांत आधी शिकवली जाणारी आकृती, म्हणजे पावलांचा ठरलेला संच, घ्या: नॅचरल टर्न, उजवीकडे वळणारी, सहा पावलांची. पहिल्या तीन पावलांत तो पुढे जातो आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला असतो. त्याला अंतर जास्त कापायचं असतं, म्हणून त्याचं वळणं दोन टप्प्यांत वाटलेलं असतं. मी आतल्या बाजूला असते, माझं पाऊल एकाच वेळी जवळजवळ पूर्ण वळून पडतं आणि अंग मागून येऊन जुळतं. पुढच्या तीन पावलांत हे उलटतं. आता पुढे जाणारी मी, बाहेरची बाजू माझी, लांब पाऊल माझं. आतल्या बाजूला राहून मला वाट द्यायची ती त्याने. दर आवर्तनाला ही जबाबदारी अशी हात बदलत जाते. त्यानं कुठे जायचं ते सुचवायचं हे खरं, पण तिथे किती जोमानं पोचायचं हे अर्ध्या वेळा माझ्या उभ्या पायावर अवलंबून असतं.

आणि हे सुचवणं हातांनी होत नाही. होल्डमध्ये, म्हणजे एकमेकांना धरून उभं राहण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, दोघंही समोरासमोर, पण प्रत्येक जण किंचित आपापल्या डावीकडे सरकलेला असतो, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याच्या उजव्या खांद्यावरून पलीकडचं दिसतं. त्याचा उजवा हात माझ्या पाठीवर, माझा डावा हात त्याच्या दंडावर, उरलेले हात एकमेकांत. हात असे बांधलेले दिसले तरी त्यांचं काम आकार धरून ठेवणं एवढंच. दिशा येते ती छातीच्या आणि कमरेच्या मधल्या भागातून. म्हणूनच सरावात हात खाली सोडून, फक्त अंगाच्या स्पर्शावर नॅचरल टर्न आणि डावीकडे वळणारी रिव्हर्स टर्न करायला लावतात. माझ्या मते हा सगळ्यात प्रामाणिक सराव आहे. त्याचं वजन अजून पूर्ण बदललेलं नसेल तर ते मला लगेच कळतं, आणि माझं नसेल तर त्याला.

हा नाच असा कसा झाला, हे थोडक्यात. मूळचा वॉल्ट्झ वेगवान होता. आजही व्हिएनीज वॉल्ट्झ मिनिटाला 58 ते 60 आवर्तनांनी नाचतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट वेगानं. 1816 साली लंडनमध्ये दरबारी नृत्यसमारंभात वॉल्ट्झ नाचला गेला तेव्हा तिथल्या ‘टाइम्स’ वृत्तपत्रानं त्याला असभ्य म्हणून झोडपलं होतं. स्त्री-पुरुषांनी इतक्या जवळ येऊन नाचणं त्या काळाला मानवलं नाही. पुढे शंभरेक वर्षांनी, पहिल्या महायुद्धानंतर, इंग्लंडमधल्या नर्तकांनी आणि शिक्षकांनी त्याच्या संथ रूपाला आकार दिला. 1922 मध्ये व्हिक्टर सिल्वेस्टर आणि फिलिस क्लार्क या इंग्लिश जोडीनं जागतिक बॉलरूम स्पर्धा जिंकली. 1924 मध्ये इंपीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग या नृत्यशिक्षकांच्या संस्थेनं बॉलरूमची वेगळी शाखा काढली, आणि पावलं, वळणं, चढ-उतार नेमके लिहून ठेवायचं काम मार्गी लागलं. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलचा नृत्य महोत्सव त्याही आधीचा, 1920 पासूनचा. तिथल्या एम्प्रेस बॉलरूममध्ये नाचायला मिळावं ही आजही जगभरच्या जोड्यांची इच्छा असते. लय संथ झाल्यामुळे सगळं उघड्यावर आलं, आणि म्हणूनच या नाचाची स्पर्धा होऊ शकते असं मला वाटतं. व्हिएनीज वॉल्ट्झच्या वेगात पुष्कळ काही झाकलं जातं. संथ वॉल्ट्झमध्ये वर थांबलेलं शरीर सगळ्यांना दिसतं.

आता प्रत्यक्ष स्पर्धा. प्राथमिक फेऱ्यांत परीक्षक गुण देत नाहीत. त्यांना सांगितलेलं असतं की इतक्या जोड्या पुढच्या फेरीत पाठवा, आणि ते तेवढ्या जोड्यांच्या क्रमांकापुढे खूण करतात. क्रमांक पुरुषाच्या पाठीवर पिननं लावलेला असतो. फ्लोअरवर बारा जोड्या आणि संगीत दीड मिनिटाचं असेल तर एका जोडीच्या वाट्याला परीक्षकाची सात-साडेसात सेकंदं येतात, म्हणजे साडेतीन आवर्तनं. एवढ्या वेळात आकृत्यांचा क्रम कोण लक्षात घेणार? त्याला दिसतं ते उभं राहणं, ताल, आणि उतरणं. ताल सगळ्यांच्या आधी. तालाबाहेर नाचणाऱ्या जोडीला सुंदर मान आणि सुंदर पोशाख वाचवू शकत नाही. शिवाय कुठलं संगीत वाजणार हे आधी कोणालाच ठाऊक नसतं. पहिल्या काही सुरांत सम ओळखायची आणि निघायचं.

अंतिम फेरीत साधारण सहा जोड्या असतात, आणि इथे प्रत्येक परीक्षक सहा जणांना एक ते सहा क्रमांक देतो. ते एकत्र करण्याच्या जुन्या पद्धतीला स्केटिंग पद्धत म्हणतात. बर्फावरच्या स्केटिंगमधून ती आली. तिच्यात सरासरी नसते, बहुमत असतं. समजा पाच परीक्षक आहेत. एका जोडीला तिघांनी पहिला क्रमांक दिला आणि दोघांनी चौथा. दुसऱ्या जोडीला तिघांनी दुसरा आणि दोघांनी पहिला. सरासरी काढली तर दुसरी जोडी स्पष्ट पुढे आहे. पण पाचांपैकी तिघांच्या मते पहिली जोडी पहिली, म्हणून ती जिंकते. अनेकांना हा अन्याय वाटतो. मला ही पद्धत पटते, कारण एकट्या परीक्षकाची टोकाची नापसंती जोडीला बुडवू शकत नाही, आणि एकट्याची माया तिला वरही काढू शकत नाही. अलीकडे मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तंत्र, संगीताशी नातं, जोडीतलं सामंजस्य आणि सादरीकरण यांना वेगवेगळे गुण देण्याची पद्धतही आली आहे. तिच्यात कागदावर जास्त कळतं. जोडीला आपलं कुठे कमी पडतंय हे आकड्यांत दिसणं मोलाचं आहे, हे मी मान्य करते.

स्पर्धेत आणखी एक गोष्ट असते जी वर्गात कधीच पुरेशी शिकता येत नाही: इतर जोड्या. फ्लोअरवर सगळे घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात, पण कोणी कोपऱ्यात थांबतं, कोणी मध्येच आडवं येतं. पुढे जात असताना तो बघतो. तो मागे जात असेल तेव्हा पलीकडचं मला दिसतं, आणि त्याच्या दंडावरच्या हाताचा हलका दाब म्हणजे थांब. मग ठरवलेली स्पिन टर्न ही वळणारी आकृती सोडून हेझिटेशन, म्हणजे थबकणं, घ्यायचं, एक आवर्तन जागेवर घालवायचं, वाट मोकळी झाली की निघायचं. हे न अडखळता जमलं तर बघणाऱ्याला आकृती बदलली हे कळतसुद्धा नाही. मला स्पर्धा आवडतात त्याचं हे मोठं कारण. तिथे पाठ केलेलं नाचता येत नाही, त्या क्षणी जोडीदाराचं ऐकावंच लागतं.

नव्यानं शिकणाऱ्यांना एक सांगते. सुरुवातीच्या वर्गांच्या स्पर्धांत ठरावीक मूळ आकृत्याच नाचायला परवानगी असते: चेंज स्टेप, नॅचरल आणि रिव्हर्स टर्न, व्हिस्क, शासे आणि अशाच काही. अनेकांना हे बंधन जाचतं, लवकरात लवकर मोठ्या, झुकलेल्या, टाळ्या घेणाऱ्या आकृत्यांकडे जायचं असतं. माझं मत ठाम आहे की हे बंधन म्हणजे शिकणाऱ्यावरचा उपकार आहे. आकृत्या कमी असल्या की लपायला जागा उरत नाही आणि उतरणं सुधारावंच लागतं. घरी सराव करायचा असेल तर संगीतही नको. चवड्यांवर चढा, वजन एका पायावर घ्या, आणि त्या एकाच पायावर तीन मात्रा मोजत खाली या. टाच टेकल्याचा आवाज आला तर पुन्हा. दोन्ही पायांवर. मग जोडीदाराबरोबर.

आणि स्पर्धा बघायला बसलात तर पहिल्या फेरीत चेहऱ्यांकडे आणि कपड्यांकडे बघून घ्या, ते बघावंसं वाटतंच. दुसऱ्या फेरीपासून नजर गुडघ्यांखाली ठेवा. तिसऱ्या मात्रेनंतर कोण उतरतं आणि कोण पडतं एवढंच मोजा, आपले पहिले तीन क्रमांक कागदावर लिहा, आणि निकाल लागला की परीक्षकांच्या क्रमांकांशी ताडून बघा.