टॉरसाठी डबा आणायला लॅमिंग्टन रोडला

घरी फायबर आल्यापासून डोक्यात किडा वळवळत होता. लाइन रात्रभर रिकामी पडून असते, तर थोडी टॉरला द्यावी, म्हणजे कोण कुठली वेबसाइट बघतोय ते लपवणाऱ्या, स्वयंसेवकांच्या यंत्रांवर चालणाऱ्या नेटवर्कला, आणि घरातूनच एक रिले चालवावा. रिले म्हणजे इतरांची कुलूपबंद पाकिटं न उघडता पुढच्याकडे सरकवणारं यंत्र. एक्झिट रिले, म्हणजे या साखळीतला शेवटचा, घरून चालवायचा नाही हे आधीच ठरलं होतं. जगाला शेवटचा पत्ता तुमचा दिसतो आणि कोणी काय केलं याची चौकशी तुमच्या दारात येते.

रिलेसाठी जुना कॉम्प्युटर, म्हणजे डबा, घ्यायला मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला जायचं ठरवलं. शनिवारी पुण्याहून सव्वासातची डेक्कन क्वीन धरली, दादरला उतरून ग्रँट रोडसाठी स्लो लोकल. फास्ट तिथे थांबेलच असं नाही. मी एकदा असाच चर्चगेट बघून आलोय. पूर्वेला बाहेर पडलात की लॅमिंग्टन रोड चालत गाठता येतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण विचारताना लॅमिंग्टनच विचारा. अकराच्या आत पोचून फायदा नाही आणि रविवारी तर जाऊच नका, बहुतेक शटर खाली असतात.

सोबत लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह नेला होता, कुठलाही कॉम्प्युटर त्यावरूनच चालू करून तपासता येतो. सगळ्या खरेदीत तोच खरा कामाला आला. टॉरचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, म्हणून आठ कोअर घेऊन उपयोग नाही. प्रोसेसरमध्ये एईएस एन्क्रिप्शनची, म्हणजे पाकिटांना कुलूप घालायचं गणित झटपट करायची सोय हवी, ती असली की जुना प्रोसेसरही पुरतो. गंमत अशी की दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या डेस्कटॉप आय-थ्रीत ही सोय नाही, चौथीपासून आहे. रास्पबेरी पाय ४ मध्ये नाही, पाय ५ मध्ये आहे. पहिल्या दुकानात ‘एकदम फास्ट मशीन, साहेब’ म्हणून जो टॉवर पुढे आला तो नेमका तिसऱ्या पिढीचा आय-थ्री निघाला. पेनड्राइव्हवरून चालू केला, प्रोसेसरची माहिती दाखवणारी एलएससीपीयू कमांड दिली, फ्लॅग्जच्या लांबलचक ओळीत ‘एईएस’ शोधलं. नव्हतं. दुकानदार माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाला, ‘हे असं कोणी बघत नाही हो!’

शिवाय टॉवर वीज खातो. ६० वॅट धरले तर महिन्याला ४३ युनिट, दहा वॅटच्या छोट्या डब्याला जेमतेम सात. यंत्र चोवीस तास चालणार, तेव्हा ‘स्वस्तात मस्त’ टॉवर वर्षभरात बिलातून वसूल करतो. शेवटी एका गाळ्यात कुठल्याशा ऑफिसातून उतरवलेले डेल वाइज ५०७० थिन क्लायंट, म्हणजे ऑफिसातले छोटेखानी कॉम्प्युटर, थप्पी लावून ठेवले होते. पंखा नाही, आवाज नाही, सेलेरॉन जे४१०५, आठ जीबी रॅम. एईएस सापडलं. आठ हजार सांगितले, सहा हजार आठशेला तुटलं, अडॅप्टरसकट. अडॅप्टर तिथेच मागून घ्या. मागाहून शोधणं डोकेदुखी. रॅमसाठी मात्र भांडू नका. ४० एमबीपीएसच्या आतल्या रिलेला ५१२ एमबी चालते, त्यावर एक जीबी.

परतीच्या गाडीत, घाटात, मी ते गणित केलं जे जाण्याआधी करायचं होतं. टॉर प्रोजेक्ट रिलेसाठी दोन्ही दिशांना किमान १० एमबीपीएस मागतं. दहा एमबीपीएस सलग चालले की दिवसाला १०८ जीबी जातात आणि तितकेच येतात. महिन्याला साडेसहा हजार जीबीच्या आसपास. माझ्या ‘अनलिमिटेड’ प्लॅनची मर्यादा ३३०० जीबी, जाणं-येणं धरून! म्हणजे सरासरी पाचच एमबीपीएस, तेही घरच्यांनी एकही व्हिडिओ न बघता.

घरी आल्यावर आणखी दोन धक्के. राउटरच्या पानावर वॅन पत्ता, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, १००.६४ ने सुरू होणारा, म्हणजे कंपनीच्या सामाइक पत्त्यामागे आपण. बाहेरून कोणी आत येऊच शकत नाही. १००.६४ ते १००.१२७ यांतलं काहीही दिसलं तर आधी कंपनीकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आपला असा कायमचा पत्ता मागा, मग तिकीट काढा. मला तो मिळायला तीन फोन आणि दरमहा जास्तीचे पैसे लागले. दुसरा धक्का कंपनीच्या राउटरचा. रिलेला एका वेळी सात हजार जोडण्या पेलाव्या लागतात, हा पठ्ठ्या दुसऱ्याच रात्री गारठला. त्याला ब्रिज मोडवर, म्हणजे नुसतं पुढे ढकलण्याच्या कामावर टाकून मागे स्वतःचा राउटर लावला.

तरी रिले सोडलाच. त्याऐवजी टॉरचा ब्रिज लावला (राउटरच्या ब्रिज मोडशी याचा संबंध नाही), ज्या देशांत टॉर अडवलं जातं तिथल्यांसाठीचं चोरदार. त्याला एक एमबीपीएस पुरतो, महिन्याला साडेसहाशे जीबीच्या आत. आणि ब्रिजचा पत्ता जाहीर यादीत नसतो. रिलेचा असतो, आणि तो यादीत दिसला की काही वेबसाइट घरातल्या सगळ्यांनाच दार लावतात. बायकोचं नेटबँकिंग अडलं असतं तर माझं काय झालं असतं ते सोडा.

टॉरच्या सेटिंगमध्ये डेटाची मर्यादा घालताना एक खाच: अकाउंटिंगमॅक्समध्ये टाकलेला जीबीचा आकडा जाणं आणि येणं वेगवेगळं मोजतो. ३००० लिहिलंत तर ६००० उडतील. बेरीज हवी असेल तर अकाउंटिंगरूलला ‘सम’ लिहा.

येता येता राउटरसाठी मिळतो तो १२ व्होल्टचा छोटा यूपीएसही घेतला होता. पण वाइजला साडेएकोणीस व्होल्ट लागतात. आता त्यावर फक्त राउटर चालतो. वीज गेली की ब्रिज झोपतो आणि आली की बायोसमधल्या सेटिंगमुळे आपोआप उठतो.