"व्हायरल मार्कर निगेटिव्ह" म्हणजे नक्की काय निगेटिव्ह?

लिम्फोमाच्या (लिम्फ पेशींच्या कर्करोगाच्या) फाइलमध्ये केमोआधी एक ओळ हमखास असते: व्हायरल मार्कर निगेटिव्ह. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की ऑस्ट्रेलिया अँटिजेन (हेपॅटायटिस बीची खूण), हेपॅटायटिस सीची अँटिबॉडी आणि एचआयव्ही पाहिलं गेलं. रिटुक्सिमॅब, म्हणजे बी पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) मारणारं औषध, द्यायचं असेल तर हे पुरत नाही. का, ते पुढे येईल. आधी हेपॅटायटिस सी.

सीचा विषाणू आरएनएचा, आपल्या जनुकांत शिरून बसणाऱ्यातला नाही. तरीही लिम्फोमा होतो, कारण वर्षानुवर्षं रक्तात फिरत तो बी पेशींना डिवचत राहतो. त्याच्या पृष्ठभागावरचं ई-२ प्रथिन बी पेशीवरच्या सीडी-८१ला चिकटतं. पेशी वाढत राहतात आणि त्या गर्दीत एखादीचा लगाम सुटतो. पुष्कळदा मध्ये क्रायोग्लोब्युलिनेमियाचा, म्हणजे थंडीत गोठणारी प्रथिनं रक्तात असण्याचा, टप्पा असतो: नडगीवर जांभळे ठिपके, सांधेदुखी, पायांना मुंग्या. या प्रथिनांची तपासणी लॅबपर्यंत पोचण्याआधीच फसते. रक्त काढल्यापासून सीरम वेगळं होईपर्यंत नमुना ३७ अंशांवर ठेवावा लागतो. साध्या डब्यातून नेला तर प्रथिनं वाटेतच गोठतात, गुठळीबरोबर खाली बसतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. सीरम वेगळं झालं, की मग ते ४ अंशांवर काही दिवस ठेवून साका दिसतो का ते बघायचं.

विषाणूच लिम्फोमाला खतपाणी घालतो, याचा सर्वांत देखणा पुरावा २००२चा. फ्रान्समधल्या ऑलिव्हिए एरमीन यांच्या गटाने प्लीहेचा लिम्फोमा आणि हेपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या ९ रुग्णांना केमो न देता इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी औषध दिलं. ७ जणांचा विषाणू रक्तातून गेला आणि लिम्फोमाही ओसरला. उरलेल्या दोघांना रिबाव्हिरिन हे दुसरं विषाणूविरोधी औषध जोडल्यावर फरक पडला. एकाच्या रक्तात विषाणू परतला, तसा लिम्फोमाही परतला. सी नसलेल्या ६ जणांना तेच औषध दिलं, एकालाही गुण आला नाही.

आता इंटरफेरॉनची गरज उरलेली नाही. सोफोसबुव्हिर ४०० आणि व्हेल्पाटासव्हिर १०० मिलीग्रॅमची एकत्र गोळी रोज एक, साधारण १२ आठवडे. ॲसिडिटीची ओमेप्राझोलसारखी गोळी चालू असेल तर व्हेल्पाटासव्हिर नीट शोषलं जात नाही. ही गोष्ट रुग्ण आपणहून सांगत नाहीत, विचारावी लागते. बरं झालं की नाही, हे गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणूचा आरएनए पाहून ठरतं. अँटिबॉडी पुढेही पॉझिटिव्ह राहते, तिला घाबरू नये. हा मार्ग मात्र सावकाश वाढणाऱ्या लिम्फोमासाठी, मुख्यतः मार्जिनल झोन नावाच्या प्रकारासाठी. डिफ्यूज लार्ज बी-सेल हा वेगाने वाढणारा प्रकार असेल तर विषाणूची वाट बघत बसायचं नाही. आर-चॉप (रिटुक्सिमॅबसह केमो) लगेच सुरू करायचं.

हेपॅटायटिस बीचाही लिम्फोमाशी संबंध आढळतो, पण उपचाराच्या वेळी धोका उलट्या बाजूने येतो: लिम्फोमाचं औषध झोपलेल्या विषाणूला उठवतं. बरा झालेला बी पुरता जात नाही. यकृताच्या पेशीत त्याचा वर्तुळाकार डीएनए पडून असतो आणि प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. रिटुक्सिमॅब बी पेशी साफ करतं, तो पहारा उठतो. २०१३मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या औषधावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला तो याचसाठी.

म्हणून ऑस्ट्रेलिया अँटिजेन निगेटिव्ह असला तरी अँटि-एचबीसी टोटल (बीच्या गाभ्याविरुद्धची जुनी-नवी सगळी अँटिबॉडी) हवीच. फॉर्मवर फक्त आयजीएमवर (ताज्या संसर्गाच्या अँटिबॉडीवर) खूण केली तर जुना संसर्ग निसटतो. नेहमी होणारी चूक हीच. रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन चढवण्याआधी नमुना घ्यावा, नाहीतर दात्याच्या अँटिबॉडीने रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येतो. दोहोंपैकी काहीही पॉझिटिव्ह आलं तर विषाणूचा डीएनए तपासून पहिल्या डोसआधीच बीला दाबणारी गोळी, एंटेकॅव्हिर ०.५ मिलीग्रॅम किंवा टेनोफोव्हिर, सुरू करायची. एंटेकॅव्हिर रिकाम्या पोटी, जेवणानंतर २ तासांनी आणि पुढच्या जेवणाच्या २ तास आधी. किडनी कमजोर असेल तर डोस बदलतो.

खरा घोळ शेवटी होतो. सहा सायकल संपतात, स्कॅन स्वच्छ येतो, आणि "आता कशाला" म्हणून विषाणूची गोळीही बंद होते. बी पेशी परतायला महिने लागतात, तोवर मैदान विषाणूला मोकळं. आधी डीएनए वाढतो, काही आठवड्यांनी एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारं एन्झाइम), आणि कावीळ दिसते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या डोसनंतर गोळी किमान १२ महिने, युरोपच्या सल्ल्यानुसार १८ महिने चालू ठेवतात. ती बंद केल्यावर आणखी वर्षभर दर तीन महिन्यांनी एसजीपीटी आणि डीएनए. डिस्चार्ज कार्डावर केमोच्या तारखांखालीच ही गोळी बंद करण्याची तारीखही लिहून घ्यावी.

सीच्या गोळ्यांनीही कधीकधी दबलेला बी उठतो, तेव्हा त्या सुरू करतानाही बीच्या याच तपासण्या करायच्या. २०१८पासूनच्या राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींच्या तपासण्या आणि औषधं सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळतात.