263 रुपये

नवरात्रातला दुसरा दिवस, सोमवार, 16 ऑक्टोबर 2023. रंग पांढरा. शिपायापासून मॅनेजर मॅडमपर्यंत सगळे पांढऱ्यात, शाखेचा नुसता दवाखाना झाला होता. त्यात दुसरा शनिवार आणि रविवार जोडून आलेला, त्यामुळे पासबुकाच्या मशीनची रांग थेट दाराबाहेर.

मी कर्जाच्या टेबलावर बसते. शाखा भोसरीत, एमआयडीसीला लागून. गिऱ्हाईक बहुतेक कारखान्यांतलं, त्यामुळे पहिली पाळी सुटली की गर्दी होते. हे जोडपं मात्र साडेअकरालाच आलं, म्हणजे त्याने खाडा केला असणार. तो जरा मागे उभा. तिने पर्समधून चार घड्या घातलेलं पत्र काढलं. तेलाचा डाग पडलेला, आमच्याच बँकेचं.

"मॅडम, हे छापताना चुकलंय का बघा."

पत्र इंग्रजीत. खालून तिसऱ्या ओळीत उरलेल्या हप्त्यांची संख्या होती, 550.

"यांनी फ्रिजवर टाकून ठेवलं होतं. लेकीच्या हाती लागलं. नववीत आहे ती, तिने बाराने भागलं. म्हणाली, मम्मी, कर्ज फिटेल तेव्हा पप्पा सत्त्याऐंशी वर्षांचे असतील."

छापताना काही चुकलं नव्हतं.

हे कर्ज मीच केलं होतं. जुलै 2021, मोशीतला वन बीएचके, 25 लाख, 20 वर्षं, दर 6.90 टक्के, हप्ता 19,233. तेव्हा रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो, 4 टक्क्यांवर होता आणि गृहकर्ज इतकं स्वस्त आम्हीही कधी पाहिलं नव्हतं. सही करताना त्याने विचारलं होतं, "पुढे व्याज वाढलं तर?" आणि मी, दिवसाला दहा जणांना सांगते तसं, सांगितलं होतं, "हप्ता तोच राहतो हो, फार तर मुदत थोडी वाढते. टेन्शन घेऊ नका." त्याने टेन्शन घेतलं नाही.

मग 4 मे 2022 ला रिझर्व्ह बँकेने मध्येच बैठक घेऊन रेपो 4.40 वर नेला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.50 वर जाऊन बसला. ऑक्टोबर 2019 नंतरची फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, गृहकर्जं बाहेरच्या दराला बांधलेली असतात, आमच्याकडे रेपोला. त्यामुळे दर तिमाहीला त्याचा दर वाढत गेला. 6.90 चे 9.40 झाले. हप्ता तेवढाच राहिला, मी दिलेल्या शब्दाप्रमाणे.

मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. खरं तर तसं करायचं नसतं, पण तोंडी सांगून हे कुणाला पटत नाही. हप्त्यातून आधी व्याज कापलं जातं, उरेल ते मुद्दलात जातं. पहिल्या महिन्यात व्याज 14,375 आणि मुद्दलात 4,858. मी खाली खाली येत गेले तसा मुद्दलाचा रकाना आटत गेला. ऑक्टोबर 2023 ची ओळ आली. व्याज 18,970. मुद्दल 263.

"263 हजार?" तो पहिल्यांदाच बोलला.

"263 रुपये."

"महिन्याला?"

"महिन्याला."

एप्रिलपासूनच्या सहा हप्त्यांत त्यांनी 1,15,398 रुपये भरले होते आणि कर्ज उतरलं होतं पंधराशेच्या आसपास. एकही हप्ता चुकलेला नाही. आमच्या दृष्टीने आदर्श कर्जदार. वसुलीच्या यादीत त्याचं नाव कधी आलंच नाही, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. एसएमएस मात्र दर तिमाहीला गेले होते. इंग्रजीत, दोन ओळींचे.

रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्टला परिपत्रक काढलं नसतं तर ते पत्रही गेलं नसतं. दर वाढला की हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होतो ते कर्जदाराला कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही हे त्याला ठरवू द्या, जुन्या कर्जदारांनाही 31 डिसेंबरपर्यंत हे सगळं लागू करा, असा त्याचा मथितार्थ. आम्ही पत्र पाठवून मोकळे झालो होतो.

तिने वही काढली. शंभर पानी, कव्हरवर लेकीचं नाव खोडलेलं. ती घरून डबे देते, 34 डबे, बहुतेक कारखान्यांतल्या एकट्या पोरांना. नवरा कामाला जाण्याआधी ओम्नीतून पोचवून येतो. वहीत डावीकडे 2021 मधले खर्च, उजवीकडे यंदाचे. तेल, डाळ, गॅस, शाळेची फी. जुलै-ऑगस्टच्या पानांवर टोमॅटोपुढे नुसती फुली. "दोन महिने चिंच घालून भागवलं," ती म्हणाली. पोस्टातली 2,000 ची आरडी फेब्रुवारीत मोडलेली. लेकीच्या सुकन्या खात्यात यंदा 250 भरलेले, खातं बंद पडू नये एवढ्यापुरते.

त्याच्या आधीच्याच महिन्यात पेपरला आलं होतं की कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत 2022-23 मध्ये जीडीपीच्या 5.1 टक्क्यांवर आली, आदल्या वर्षी 7.2 होती. चहा पिता पिता आम्ही त्यावर चर्चाही केली होती. लोक आता चैन करतात, असं आमच्यातल्या एकाचं मत पडलं होतं. त्याला ही वही दाखवायला हवी होती.

सगळ्यात जाड अक्षरात लिहिलं होतं पेट्रोल, 4,200. स्कूटर आणि ओम्नी मिळून. पुण्यात लिटर 106 च्या आसपास होतं, म्हणजे चाळीसेक लिटर. लिटरमागे केंद्राचं उत्पादन शुल्क तेव्हा 19 रुपये 90 पैसे होतं, शिवाय राज्याचा व्हॅट होताच. कॅल्क्युलेटर हातात होता म्हणून सहज गुणून पाहिलं. नुसतं उत्पादन शुल्कच आठशेच्या घरात. घराच्या मुद्दलापेक्षा तिप्पट रक्कम हा माणूस दरमहा पेट्रोलवरच्या एका करात भरत होता. बोलले नाही काही. सांगून काय उपयोग?

खरं भांडण पुढेच होतं. ओम्नी 2008 ची, ऑगस्टमध्ये पंधरा वर्षं पूर्ण झालेली. नोंदणीचं नूतनीकरण पूर्वी 600 रुपयांत व्हायचं, एप्रिल 2022 पासून त्याचे 5,000 झालेत. वर पर्यावरण कर, उशिराचे महिन्याला 500, आणि एजंट. एजंटाने सगळं मिळून साडेबारा हजार सांगितले होते. त्याचं म्हणणं, जुन्या गाडीत कशाला घालायचे, दिवाळीत हिची भिशी लागतेय, एक लाख, त्यात दुसरी जुनी व्हॅन घेऊ.

"आणि घर?" तिने विचारलं.

"घर आहे की."

"घर मॅडमचं आहे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी आकडे घालून दाखवले. आज कर्जात एक लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर 550 चे 373 हप्ते होतात. एका लाखाने पावणेपंधरा वर्षं कमी. त्याला पटेना, त्याने ते मला पुन्हा करायला लावलं. मग हप्ताही 2,000 ने वाढवून पाहिला, 21,233. आकडा 249 वर आला, वीस वर्षं नऊ महिने.

"मध्येच पैसे भरले की दंड लावता ना तुम्ही?"

"फ्लोटिंग गृहकर्जाला नाही लावत."

"आधी सांगायचं ना मग."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक मात्र बजावलं, की गाडी विकून पैसे कर्जात घालू नका. असला सल्ला देणारे बरेच भेटतात. पण ओम्नी उभी राहिली की डबे थांबतात, आणि डबे थांबले की हप्ता.

तिने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. डब्याचे महिन्याला 80 रुपये वाढवले तर 34 डब्यांचे 2,720. मग त्यातलेच चार डबे खोडले. "एवढे तुटतील," म्हणाली, आणि पुन्हा पेन्सिल चालवू लागली. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला. शेवटी म्हणाला, "ओम्नी पासिंग करून घेऊ." एवढंच. हप्ता वाढवायच्या अर्जावर त्याने सही केली, या वेळी आधी वाचून. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले आणि तो बोट सरकवत गेला.

निघताना तिने त्या 263 च्या ओळीची प्रिंट मागितली. कशाला, ते विचारलं नाही. वहीत घालून घेऊन गेली. दिवाळीच्या आधीच्या बुधवारी भिशीचे पैसे घेऊन आली, पाचशेच्या नोटा, रबर लावलेल्या. सोबत लेक होती. पावती तिने आधी वाचली, मग आईकडे दिली.

त्या सोमवारी संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर मी शाखेतल्या गृहकर्जांची यादी काढली आणि उरलेल्या हप्त्यांप्रमाणे उतरती लावली. 400 च्या वरची 19 खाती निघाली. सगळी नियमित. त्यातल्या सात जणांचे कागद मीच केले होते. पहिल्या नंबरला फोन लावला. नमस्कार म्हणाले, बँकेचं नाव सांगितलं, तुमच्या गृहकर्जाबद्दल बोलायचं होतं, एवढं म्हणतेय तोच पलीकडून आवाज आला, "लोन नकोय मॅडम," आणि फोन कट.

मी परत लावला.