तर्री-पोहे, एलईडी दिवा आणि मोबाईल

आजची सकाळ फिल्म शिकणाऱ्या पोट्ट्यांसोबत तर्री-पोह्याच्या ठेल्यावर गेली. पहिल्याच शॉटमध्ये चित्रावर पट्टे सरकायला लागले. मोबाईल बिघडलेला नव्हता. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं आणि प्रत्येकात दोन लुकलुक, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि मोबाईलचं ऑटो शटर (एका फ्रेमला किती वेळ उजेड घ्यायचा ते आपोआप ठरणं) त्याला जुळत नाही. प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे सेटिंग हाताने बदलता येतं तिथे, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद केलं, पट्टे गेले. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, तोही लॉक करा. नाहीतर पांढऱ्या शर्टातलं गिऱ्हाईक समोर आलं की अख्खी फ्रेम काळवंडते.

वाफ तर समोरच्या उजेडात दिसतच नाही. दिवा तर्रीच्या गंजाच्या (पातेल्याच्या) मागे नेला, पार्श्वभूमी गडद ठेवली, तेव्हा कुठे तर्री ओतताना वाफेचा एकेक धागा उठला.

खरी गोची आवाजाची. शेगडीच्या घरघरीत मालकाचं बोलणं बुडालं. कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर हवा. निघताना ३० सेकंद नुसता जागेचा आवाज घ्या, एडिटिंगमध्ये जोड लपवायला तोच कामी येतो.

नागपूरच्या उन्हात मोबाईल तापून रेकॉर्डिंग बंद पडतं. कव्हर काढून सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये अजिबात नको, आत ओल धरते.

यातले काही जण लग्नाच्या, दुकानांच्या रील्स करून कॉलेजची फी भरतात. त्यांना एवढंच: अर्धे पैसे आधी घ्या, फुटेजच्या दोन कॉप्या ठेवा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी मार खाते.