उशीखालचे दोन धागे

रमजान, अकरावा रोजा. सहरीनंतर.

झोप गेली ती गेलीच. काल इफ्तारनंतर अब्बांची वही काढायलाच नको होती. कुरआनच्या एका सूरहपुढं, म्हणजे अध्यायापुढं, तो वाचण्याचा त्यांनी टिपलेला सवाब, पुण्य, मी कौतुकानं वाचला आणि भाची मोबाइलवरून मान न उचलता म्हणाली, "मामू, ये रिवायत मौज़ू है."

मौज़ू. पैगंबरांच्या नावावर कुणीतरी रचलेली. जईफ, नुसती कमजोर, म्हणाली असती तर गिळलं असतं मी.

रात्रपाळी करून आलेला माणूस, अंगावर कापसाचं तूस, चहा निवत ठेवून लिहायचा. मागावर तुटलेला एक धागा कधी नजरेतून सुटला नाही त्यांच्या. आणि इथं सनदच, सांगणाऱ्यांची साखळीच, नाही? पोरगी खरं बोलली, तेच लागलंय. खोटं बोलली असती तर रागावता तरी आलं असतं. अम्मी असती तर... जाऊ दे.

इब्ने कसीरच्या तफसीरचा, कुरआनवरच्या भाष्याचा, उर्दू तर्जुमा काढून बसलो. १३७३ साली दमास्कसमध्ये वारलेला हा माणूस कुणी कुणाकडून ऐकलं ते सांगतो, आणि साखळी कुठं कच्ची आहे तेही. अब्बांच्या कपाटात हीच तफसीर होती की! मग वहीत ते कुठून आलं?

सापडलं. प्रत्येक सूरहच्या सवाबाची ती लांबलचक रिवायत जमख्शरीनं आपल्या तफसीरमध्ये सूरह संपली की दिलीय, बैजावीनंही. एवढे मोठे आलिम! आणि मर्वच्या नूह बिन अबी मरयमनं म्हणे कबूलच केलं होतं, लोक कुरआन सोडून दुसरीकडं वळले म्हणून सवाबाच्या हदीसा, पैगंबरांची म्हणून वचनं, आपणच रचल्या. नेकीच्या हौसेनं! अब्बा फसले, पण जमख्शरीच्या पंगतीत बसून फसले.

आज सहरीला मीच विषय काढला. पांढरा धागा काळ्यापासून वेगळा दिसेपर्यंत खा, ही कुरआनची आयत ऐकून पैगंबरांचे साथी अदी बिन हातिम यांनी खरोखरच दोन धागे उशीखाली ठेवले. हुजूर, म्हणजे पैगंबर, म्हणाले, मग तुझी उशी भलतीच रुंद! ते धागे म्हणजे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड. अब्बा हे सांगताना स्वतःच हसायचे. सुताचा माणूस, अदींची चूक त्यांना घरचीच वाटायची.

भाचीनं लगेच तपासलं. "बुखारी में है, मामू. सही." बुखारी, म्हणजे सगळ्यांत भरवशाचा मानला जाणारा हदीससंग्रह.

तेवढ्यात विजापूर वेशीकडून अजान आली. पाणी राहिलंच.

आता ती वही मागतेय. प्रत्येक रिवायतीपुढं खूण करणार म्हणे. दिली. पेन्सिलनं कर म्हटलं.