तिमिंगिलाला गिळणारा कोण?

तिमि नावाचा एक मासा आहे, शंभर योजने लांब. हे मी नाही, एक जुना संस्कृत श्लोक म्हणतो. योजन आठ मैलांचे धरले तर तोंड मुंबईत आणि शेपूट दिल्लीच्याही पलीकडे. या तिमीला गिळतो तो तिमिंगिल. आपले 'गिळणे' त्यात जसेच्या तसे बसले आहे. त्याला गिळतो तो तिमिंगिलगिल. आणि त्यालाही गिळणारा एक आहेच, त्याचे नाव राघव! एवढ्या गिळागिळीनंतर हे इतके सोज्वळ नाव कुठून आले? बहुधा कवीच्या जिभेने संप केला असावा.

इतरांनी आपल्या राक्षसांना नावे दिली ती अंगलटीवरून. हिब्रूतला लिव्याथान म्हणजे वेटोळे घालणारा. आजच्या हिब्रूत तो निमूटपणे देवमासा झाला आहे. नॉर्वेचा क्राकेन हा 'क्राके'पासून आला. क्राके म्हणजे वेडेवाकडे, खुरटे झाड. १७५२-५३ साली बर्गनच्या पोन्तोप्पिदान नावाच्या बिशपने कोळ्यांच्या तोंडून ऐकलेले लिहून ठेवले: जिथे ऐंशी-शंभर वाव (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी) पाणी असायला हवे तिथे दोर वीस-तीस वावांतच तळाला टेकला, की खाली क्राकेन आहे असे समजावे. मग पळायचे? छे! त्याच्या पाठीवर मासळी मायंदाळ मिळते म्हणून तिथेच गळ टाकायचे. पाणी आणखी उथळ होऊ लागले, म्हणजे स्वारी वर येऊ लागली, की मग वल्ही मारायची. मला या गोष्टीत राक्षसापेक्षा कोळीच जास्त आवडतात.

आमच्या पूर्वजांना मात्र अंगलटीशी देणेघेणे नव्हते. कोण कोणाला खातो एवढेच त्यांनी पाहिले. मत्स्यन्याय, म्हणजे मोठ्या माशाने लहानाला खाणे, हा शब्द ज्यांना सुचला, त्यांच्याकडून दुसरे काय होणार!

अपवाद मकराचा. त्याची अंगलट म्हणजे सगळी उसनवारी. वेरूळच्या २१व्या लेण्याच्या दर्शनी भागात गंगा उभी आहे ती याच्यावर. मूर्तिकारांनी त्याला सोंड हत्तीची दिली, जबडा सुसरीचा, आणि मागच्या बाजूला शेपटीऐवजी नुसती नक्षीची भेंडोळी. याला घाबरावे तरी कसे? घाबरलेच नाहीत कोणी. त्याची कुंडले करून विठोबाच्या कानांत घातली, मदनाच्या झेंड्यावर त्याला चढवला, देवळात अभिषेकाचे पाणी बाहेर सोडायला त्याचे तोंड वापरले. वैद्यांनी तर सोने, पारा आणि गंधक यांच्या रसायनाला मकरध्वज नाव देऊन त्याला बाटलीतच भरला. खरी मगर नाव तेवढे त्याचे घेऊन नदीकाठी पडून राहिली.

राशिचक्रात मात्र त्याची गाठ ग्रीकांच्या प्राण्याशी पडली. तो पुढून बोकड, मागून मासा. तेव्हापासून कॅलेंडरवाल्यांची पंचाईत आहे: कुणी मकर राशीला मगर काढतो, कुणी शिंगे काढतो, आणि तिळगूळ खाताना आपण दोन्ही चालवून घेतो.